अटॅचमेंट उघडायचीच आहे, तर अशी उघडा

"अनोळखी मेलमधली अटॅचमेंट उघडू नका" हा सल्ला आता सगळ्यांना पाठ झालाय. पण नाशिकच्या अंबड किंवा सातपूर एमआयडीसीतल्या एखाद्या मशिन शॉपने तो खरंच पाळायचा ठरवला, तर नवीन काम मिळणंच बंद होईल. नव्या गिऱ्हाइकाची चौकशी अनोळखी पत्त्यावरूनच येते आणि सोबतचं ड्रॉइंग बहुतेकदा झिप फाइलमध्ये असतं. द्राक्षाच्या सीझनमध्ये, म्हणजे जानेवारी ते एप्रिल, पिंपळगाव बसवंत आणि दिंडोरीकडच्या निर्यातदारांच्या ऑफिसात बिल ऑफ लेडिंगचे ड्राफ्ट, फायटो सर्टिफिकेट, रेसिड्यू रिपोर्ट आणि फॉरवर्डरची बिलं दिवसभर येत-जात असतात. रिटर्न भरायचे दिवस आले की सीएच्या ऑफिसात अशिलांची बँक स्टेटमेंट येऊन पडतात. दुसऱ्याने पाठवलेल्या फाइली उघडणं हेच या मंडळींचं रोजचं काम आहे. त्यांना मनाई करून भागत नाही, फाइल उघडायची नीट पद्धत हाताशी द्यावी लागते.

त्या पद्धतीचा गाभा असा: मेल कोणाच्या नावाने आलाय यावर भरवसा ठेवून डबल क्लिक करायचं नाही. आलेली फाइल नेमक्या कोणत्या जातीची आहे ते बघायचं, आणि ती वाईट निघाली तरी नुकसान होणार नाही अशा जागी उघडायची.

नाव ओळखीचं असलं तरी

मेलमध्ये दिसणारं नाव पाठवणारा हवं ते टाकू शकतो. त्यामागचा पत्ता बघितला तरी डोळे फसतात. इंग्रजी आर आणि एन शेजारी आले की घाईत एम वाचला जातो, आणि एका अक्षराने वेगळं डोमेन, म्हणजे पत्त्यातला @ नंतरचा भाग, कोणालाही काही शे रुपयांत विकत घेता येतं.

जीमेलमध्ये कॉम्प्युटरवर मेल उघडून उजवीकडच्या तीन टिंबांखालचं "शो ओरिजिनल" दाबलं की वरच एसपीएफ, डीकेआयएम आणि डीएमएआरसी अशा तीन तपासण्यांचे निकाल दिसतात. तिथे "फेल" असेल तर तो मेल बाजूला ठेवा. पण "पास" दिसलं म्हणून सुटलो असं समजू नका. पास याचा अर्थ मेल खरोखर त्या डोमेनवरून निघालाय, इतकाच. ते डोमेन ठगाने स्वतः विकत घेतलेलं असेल तरी पास होतं. तुमच्या खऱ्याखुऱ्या व्हेंडरचं मेल खातं कोणी बळकावलं असेल, तर त्या खात्यातून येणारा प्रत्येक मेलही पासच होणार.

ही शेवटची गोष्ट सगळ्यात घातक. २०१४ पासून माहीत असलेलं इमोटेट नावाचं मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, नेमकं हेच करायचं. एकाच्या कॉम्प्युटरवर शिरलं की तिथले जुने मेल उचलायचं आणि चालू असलेल्या पत्रव्यवहाराला उत्तर दिल्यासारखा मेल पाठवायचं. खाली तुमचंच जुनं संभाषण, वर एक ओळ आणि सोबत फाइल. जानेवारी २०२१ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून त्याचे सर्व्हर ताब्यात घेतले, तरी त्याच वर्षी नोव्हेंबरात ते परत आलं. ही युक्ती आता अनेक टोळ्या वापरतात. "आपलाच माणूस आहे" हे फाइल उघडण्याचं कारण होऊ शकत नाही.

आधी फाइलची जात ओळखा

विंडोज मुळात फाइलच्या नावाचा शेवटचा तुकडा, म्हणजे एक्स्टेन्शन, लपवून ठेवतं. त्यामुळे "पीओ-४५१२.पीडीएफ.ईएक्सई" नावाची फाइल स्क्रीनवर "पीओ-४५१२.पीडीएफ" अशी दिसते, आणि तिला पीडीएफचं चित्र चिकटवणं अगदी सोपं असतं. ४ मे २००० ला जगभर पसरलेला लव्ह लेटर व्हायरस याच पळवाटेने शिरला. फाइलच्या नावात टीएक्सटी दिसत होतं, खरं शेपूट व्हीबीएस होतं. इतकी वर्षं झाली, विंडोजची ही मूळ सेटिंग बदललेली नाही.

ती आपण बदलायची. विंडोज ११ मध्ये कोणतंही फोल्डर उघडा, वर "व्ह्यू", त्यात "शो", त्यात "फाइल नेम एक्स्टेन्शन्स" वर खूण करा. विंडोज १० मध्ये "व्ह्यू" टॅबमध्येच ती चौकट आहे. ऑफिसातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर आणि प्रत्येक युजरच्या खात्यात हे वेगवेगळं करावं लागतं.

एवढ्याने एक जात सुटते: शॉर्टकट. एलएनके हे शेपूट, सेटिंग बदलली तरी, विंडोज दाखवतच नाही. म्हणून फोल्डर "डिटेल्स" स्वरूपात ठेवा आणि "टाइप" हा रकाना वाचायची सवय लावा. बिलाच्या नावापुढे "शॉर्टकट" किंवा "ॲप्लिकेशन" असं लिहिलेलं दिसलं, तर पुढे काही तपासायची गरजच नाही. बिल कधी शॉर्टकट नसतं. नावात न दिसणारं चिन्ह घालून अक्षरं उलट्या क्रमाने दाखवण्याची एक चलाखी आहे, तीही या रकान्यात उघडी पडते.

ईएक्सई, एससीआर, एमएसआय, बीएटी, सीएमडी, जेएस, व्हीबीएस, एचटीए, पीएस१, जेएआर, एलएनके ही सगळी चालणारी फाइल आहे, वाचायची नाही. डबल क्लिक म्हणजे तिला काम करायचा हुकूम. कोटेशन, बिल, नोटीस, रिपोर्ट यांतलं काहीही या स्वरूपात येत नाही. आयएसओ, आयएमजी आणि व्हीएचडी ही डिस्कची प्रत असते. मेलमधून आलेलं "इनव्हॉइस" अशा स्वरूपात असेल तर थेट डिलीट करा. फोनवर आलेली एपीके त्याच माळेतली. ई-चलन किंवा लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सॲपवर फिरणारी एपीके इन्स्टॉल झाली, की फोनवरचे ओटीपीचे मेसेज वाचायची परवानगी मागते.

एक छोटं काम आजच उरकून घ्या. नोटपॅडमध्ये रिकामी फाइल करा, तिचं शेपूट बदलून जेएस करा, राइट क्लिक करून "ओपन विथ", मग "चूज अनदर ॲप", त्यात नोटपॅड निवडून "ऑलवेज" दाबा. व्हीबीएस, जेएसई, डब्ल्यूएसएफ आणि एचटीए यांच्यासाठी हेच करा. पुढे कोणी चुकून अशा फाइलवर डबल क्लिक केलं, तर प्रोग्राम चालण्याऐवजी नोटपॅडमध्ये न कळणारी अक्षरं उघडतील आणि वेळ निभावून जाईल. मात्र ऑफिसातलं एखादं जुनं सॉफ्टवेअर अशा स्क्रिप्टवर चालत असेल तर ते अडू शकतं, म्हणून आधी तुमच्या कॉम्प्युटरवाल्याला विचारून घ्या.

एक मेल जवळून

समजा, दुपारी मेल आला. विषय: "अर्जंट आरएफक्यू, ब्रॅकेट मशिनिंग, ५०० नग". आरएफक्यू म्हणजे रेटची चौकशी. आत दोन ओळी: ड्रॉइंग जोडलं आहे, आज पाच वाजेपर्यंत रेट पाठवा, झिपचा पासवर्ड १२३४. खाली एका मोठ्या कंपनीच्या परचेस विभागाची सही आणि लोगो.

सगळ्यात बोलकी गोष्ट पासवर्ड आहे. झिपला पासवर्ड घातला की मेल सर्व्हरवरच्या व्हायरस तपासणीला आतल्या फाइलचा मजकूर वाचता येत नाही. गुपित राखायचं असतं तर पासवर्ड त्याच मेलमध्ये कशाला लिहिला असता? तो तुमच्यासाठी कुलूप म्हणून घातलेला नाही, तपासणीला बाहेर ठेवायला घातलाय.

पण आपल्याकडे पासवर्ड असलेल्या फाइली रोजच येतात, म्हणून फरक ओळखता यायला हवा. आयकर खात्याच्या १४३(१) च्या इंटिमेशनची पीडीएफ उघडते ती छोट्या लिपीतला पॅन आणि जन्मतारीख एकत्र टाकून. ई-आधारची पीडीएफ उघडते ती नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मवर्ष टाकून. बँकेच्या स्टेटमेंटचंही असंच असतं. या सगळ्यांत पासवर्ड तुम्हाला आधीच माहीत असतो, मेलमध्ये फक्त तो कसा बनवायचा ते लिहिलेलं असतं, आणि फाइल पीडीएफ असते. तयार पासवर्ड मेलमध्येच लिहून सोबत झिप किंवा रार येणं ही वेगळीच गोष्ट आहे.

आता ती झिप. ती लगेच एक्स्ट्रॅक्ट करू नका. झिपला पासवर्ड असला तरी आतल्या फाइलींची नावं लपलेली नसतात. ७-झिप नावाच्या सॉफ्टवेअरने उघडलं की पासवर्ड न टाकताच नावं, साइज आणि तारखा दिसतात. त्या यादीतल्या कोणत्याही ओळीवर डबल क्लिक करायचं नाही, फक्त वाचायचं. तिथे "ब्रॅकेट-ड्रॉइंग.पीडीएफ.एलएनके" दिसलं, की विषय संपला. ड्रॉइंग म्हणजे पीडीएफ, डीडब्ल्यूजी, डीएक्सएफ नाहीतर स्टेप फाइल असायला हवी. ७झेड आणि रार प्रकारात नावंही लपवता येतात. यादी दाखवायलाच पासवर्ड मागितला तर संशय दुप्पट करा. झिप एखाद्या एमबीची आणि आतल्या एकाच वर्ड फाइलची साइज पाचशे एमबी, असंही घडतं. फाइल निरर्थक मजकुराने फुगवली की अनेक स्कॅनर तिला मोठी म्हणून तपासतच नाहीत.

ज्या सॉफ्टवेअरने यादी बघणार ते नवं हवं. विनरारच्या ६.२३ पूर्वीच्या आवृत्त्यांत असा दोष होता, की आतल्या साध्या दिसणाऱ्या चित्रावर किंवा पीडीएफवर क्लिक केलं तरी त्याच नावाच्या फोल्डरमधली स्क्रिप्ट चालायची. ऑगस्ट २०२३ मध्ये तो दुरुस्त झाला. नंतर सापडलेला आणखी एक गंभीर दोष ७.१३ मध्ये, २०२५ साली दुरुस्त झाला. विनरार आणि ७-झिप दोन्ही आपोआप अपडेट होत नाहीत. कॉम्प्युटर घेताना टाकलेली आवृत्तीच वर्षानुवर्षं चालत राहते.

यादी साफ दिसली तरी रेट पाठवण्याआधी त्या कंपनीला फोन करायचा. मेलखाली दिलेल्या नंबरवर नाही, त्यांच्या वेबसाइटवरच्या किंवा जुन्या पीओवरच्या, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवरच्या. खरं परचेस खातं अशा फोनवर रागावत नाही.

पिवळी पट्टी, लाल पट्टी आणि प्रिंट

इंटरनेटवरून आलेल्या फाइलला विंडोज एक अदृश्य खूण चिकटवतं. ती खूण दिसली की वर्ड आणि एक्सेल फाइल "प्रोटेक्टेड व्ह्यू" मध्ये उघडतात, वर पिवळी पट्टी येते आणि तिच्यावर "एनेबल एडिटिंग" असं बटण असतं. या अवस्थेत फाइल नुसती वाचता येते आणि ती वाईट असली तरी तिचे हात बांधलेले असतात.

लोक ते बटण का दाबतात? बऱ्याचदा फक्त प्रिंट काढायला, कारण प्रोटेक्टेड व्ह्यूमध्ये प्रिंट सरळ निघत नाही. यावर सोपा उपाय आहे: जीमेलमध्येच अटॅचमेंटवर क्लिक करून प्रीव्ह्यू उघडा आणि तिथल्या प्रिंटरच्या चिन्हावरून प्रिंट काढा. फाइल तुमच्या वर्डपर्यंत पोचतच नाही.

लाल पट्टी वेगळी. तिच्यावर लिहिलेलं असतं, की स्रोत भरवशाचा नसल्याने मॅक्रो अडवले आहेत. मॅक्रो म्हणजे एक्सेल किंवा वर्डच्या आत लिहिलेला प्रोग्राम. १९९९ च्या मेलिसा व्हायरसपासून हल्लेखोरांनी याच दाराने ये-जा केली. मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींचे मॅक्रो मूळ सेटिंगमध्येच अडवायला सुरुवात केली ती २०२२ मध्ये. तेव्हापासून हल्लेखोर आयएसओ, शॉर्टकट आणि वननोटच्या फाइलींकडे वळले.

नाशिकमध्ये ठेकेदारीची कामं करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. सरकारी ई-निविदा पोर्टलवरची बीओक्यूची, म्हणजे कामाच्या बाबी आणि रेट भरायची, एक्सेल शीट खरोखरच मॅक्रोवर चालते. ती भरायला फाइलवर राइट क्लिक, "प्रॉपर्टीज", खाली "अनब्लॉक" वर खूण, मग मॅक्रो चालू, हे सगळं करावंच लागतं. सिंहस्थ २०२७ मध्ये आहे, त्याच्या निविदांची कामं सुरू आहेत, आणि ही सवय ऑफिसातल्या प्रत्येकाच्या हातात बसलीय. तीच सवय मेलमधून आलेल्या "सुधारित बीओक्यू" वर वापरली गेली तर विंडोजने घातलेलं संरक्षण आपणच काढून टाकलं. म्हणून ऑफिसात स्पष्ट ठरवून टाका: अनब्लॉक फक्त त्या शीटला, जी आपण स्वतः पोर्टलवर लॉगिन करून उतरवली आहे. शुद्धिपत्रक निघालं असं मेलमध्ये आलं, तरी ते पोर्टलवर जाऊनच उतरवायचं.

ही अदृश्य खूण पुसलीही जाते, आणि कोणी मुद्दाम न पुसता. साध्या फॅट३२ किंवा एक्सफॅट पेन ड्राइव्हवर फाइल टाकली, की खूण तिथे टिकतच नाही. रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवर उतरवलेली फाइल पेन ड्राइव्हने आत नेली, तर आतल्या कॉम्प्युटरला ती घरचीच वाटते आणि पिवळी पट्टी येत नाही. ७-झिपही मूळ सेटिंगमध्ये झिपवरची खूण आतल्या फाइलींना लावत नाही. ७-झिप उघडून "टूल्स", "ऑप्शन्स", मग ७-झिपचा टॅब, तिथे "प्रोपगेट झोन आयडी स्ट्रीम" समोर "येस" करा. ही सोय २०२२ च्या २२.०० आवृत्तीपासून आहे.

मॅक्रो नसलेली फाइलही पोळते. वर्डमध्ये गणिती समीकरणं लिहायचा एक जुना भाग होता, इक्वेशन एडिटर. त्यात २०१७ मध्ये सापडलेला दोष असा, की फाइल उघडून एडिटिंग चालू केलं की मॅक्रोशिवायच प्रोग्राम चालतो. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०१७ मध्ये दुरुस्ती दिली आणि जानेवारी २०१८ मध्ये तो भागच काढून टाकला. तरी त्यानंतरही कित्येक वर्षं "पीओ" आणि "शिपिंग डॉक्युमेंट" नावाच्या आरटीएफ आणि एक्सेल फाइलींतून तोच दोष वापरला जात राहिला, कारण अपडेट न केलेलं ऑफिस असलेले कॉम्प्युटर सगळीकडे आहेत. ऑफिस २०१० चे अपडेट ऑक्टोबर २०२० मध्ये बंद झाले, ऑफिस २०१३ चे एप्रिल २०२३ मध्ये, आणि ऑफिस २०१६ व २०१९ यांचे १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही त्याच दिवशी संपला. सीएनसी मशिनला प्रोग्राम पाठवणारा डीएनसीचा पीसी जुन्या विंडोजवर ठेवणं भाग असतं, ते समजण्यासारखं आहे. पण त्या पीसीवर मेल उघडायचा नाही, हा नियम कडक असू द्या. नवीन ऑफिस परवडत नसेल तर लिब्रेऑफिस फुकट मिळतं आणि त्याचे अपडेट चालू आहेत.

पीडीएफ आणि वेबपेज

पीडीएफ ॲक्रोबॅटच्या जुन्या आवृत्तीत उघडण्यापेक्षा एज किंवा क्रोममध्ये उघडा. ब्राउझर ती बंदिस्त जागेत उघडतो आणि स्वतः अपडेट होत राहतो. आजकाल पीडीएफमध्ये व्हायरस असण्यापेक्षा "डॉक्युमेंट बघण्यासाठी इथे क्लिक करा" असं बटण किंवा क्यूआर कोड जास्त आढळतो. क्यूआर अशासाठी, की तो फोनने स्कॅन होतो आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवरचं संरक्षण बाजूला राहतं.

एचटीएमएल आणि एसव्हीजी या अटॅचमेंट तर सरळ नाकाराव्यात. डबल क्लिक केलं की ब्राउझरमध्ये मायक्रोसॉफ्ट किंवा जीमेलसारखं हुबेहूब लॉगिन पान उघडतं, वर तुमचा ईमेल पत्ता आधीच भरलेला असतो, फक्त पासवर्ड टाकायचा बाकी. पत्त्याच्या पट्टीत मात्र वेबसाइटचं नाव नसतं, "फाइल" असं लिहून तुमच्याच सी ड्राइव्हमधला रस्ता दिसतो. अटॅचमेंट बघायला मेलचा पासवर्ड पुन्हा कधीच द्यावा लागत नाही.

नोटिशींचं तर मेलवरून ठरवायचंच नाही. आयकराची नोटीस आल्याचा मेल असेल तर ई-फायलिंग पोर्टलवर "पेंडिंग ॲक्शन्स" मध्ये "ई-प्रोसीडिंग्ज" बघा. १ ऑक्टोबर २०१९ पासून आयकर खात्याच्या पत्रांवर डीआयएन हा त्या पत्राचा ओळख क्रमांक असतो, आणि पोर्टलच्या पहिल्याच पानावर लॉगिन न करता तो तपासायची सोय आहे. जीएसटीची नोटीस "सर्व्हिसेस", "युजर सर्व्हिसेस", "व्ह्यू नोटिसेस अँड ऑर्डर्स" मध्ये दिसते.

उघडायची जागा

बहुतेक फाइलींसाठी जीमेलचा किंवा गूगल ड्राइव्हचा प्रीव्ह्यू पुरेसा आहे. वर्ड, एक्सेल, पीडीएफ गूगलच्या सर्व्हरवर उलगडून तुम्हाला त्याचं चित्र दाखवलं जातं. मॅक्रो तिथे चालत नाही. विंडोजसाठी लिहिलेलं मालवेअर अँड्रॉइड फोनवर चालत नाही, म्हणून घाईच असेल तर फोनवरच्या जीमेलमध्ये बघणं हाही बरा पर्याय. फक्त आतल्या लिंक दोन्हीकडे तितक्याच धोक्याच्या राहतात.

प्रीव्ह्यूत न दिसणारी फाइल उघडणं भागच असेल तर विंडोज सँडबॉक्स वापरा. विंडोजच्या आत दुसरं कोरं विंडोज उघडतं, आणि खिडकी बंद केली की त्यात केलेलं सगळं पुसलं जातं. ते होम आवृत्तीत मिळत नाही, प्रो लागतं. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू असावं आणि रॅम किमान ४ जीबी, खरं तर ८. "टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ" मध्ये "विंडोज सँडबॉक्स" वर खूण करून कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, मग फाइल कॉपी करून सँडबॉक्सच्या खिडकीत पेस्ट करा. मूळ सेटिंगमध्ये सँडबॉक्सला इंटरनेट आणि ऑफिसचं नेटवर्क दोन्ही मिळतं, म्हणून कॉम्प्युटरवाल्याकडून नेटवर्क बंद असलेली कॉन्फिगरेशन फाइल एकदाच करून घ्या आणि नेहमी तीच वापरा. सँडबॉक्समध्ये एमएस ऑफिस नसतं, झिप उलगडून बघायला आणि पीडीएफसाठी ते ठीक. आणि सँडबॉक्समध्ये काही घडलं नाही म्हणून तीच फाइल बाहेर उघडायची नाही. आपण सँडबॉक्समध्ये आहोत हे ओळखून गप्प बसणारी मालवेअर असतात.

व्हायरसटोटल या अनेक अँटीव्हायरस एकदम चालवणाऱ्या वेबसाइटवर फाइल तपासता येते हे अनेकांना माहीत आहे. तिथे टाकलेली फाइल मात्र त्यांच्या सदस्य कंपन्यांना उतरवता येते, हे सांगितलं जात नाही. गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग, अशिलाचं स्टेटमेंट, निविदेचे रेट तिथे टाकायचे नाहीत. त्याऐवजी फाइलचा ठसा टाका: ७-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक, "सीआरसी एसएचए", त्यात "एसएचए-२५६". मिळालेली ६४ अक्षरं व्हायरसटोटलच्या "सर्च" मध्ये टाका. ती फाइल आधी कोणी तपासली असेल तर निकाल लगेच येतो, आणि तुमची फाइल तुमच्याकडेच राहते. काहीच सापडलं नाही तर "साफ आहे" असं नव्हे, "अजून कोणी पाहिलेली नाही" असं समजा. पन्नास पुरवठादारांना एकच आरएफक्यू गेली असती, तर ती कोणीतरी पाहिलेली असण्याची शक्यता मोठी असते.

सगळ्यात महागात पडणारी अटॅचमेंट यातल्या कोणत्याच तपासणीत सापडत नाही. साधी पीडीएफ, कंपनीच्या लेटरहेडवर, "ऑडिट चालू असल्याने आमचं बँक खातं बदललं आहे, पुढचं पेमेंट खालील खात्यात करा". त्यात व्हायरस नसतोच. द्राक्षाच्या एका कंटेनरचे पैसे अशा एका पानावर भलत्या खात्यात जाऊ शकतात. खातं बदलल्याचं पत्र आलं की जुन्या बिलावरच्या नंबरवर, ओळखीच्या माणसाशी, तोंडी बोलल्याशिवाय पैसे हलवायचे नाहीत. आणि तुमच्या परदेशी खरेदीदारालाही सीझन सुरू होण्याआधीच कळवून ठेवा, की आमचं खातं मेलवरून कधीच बदलणार नाही.

उघडून बसलात तर

डबल क्लिक केलं आणि काहीच उघडलं नाही, किंवा काळी खिडकी क्षणभर चमकून गेली, किंवा "फाइल खराब आहे" असा संदेश आला, तर "फाइलच बिघडलेली असेल" म्हणून पुढच्या कामाला लागू नका. माहिती चोरणारे प्रोग्राम असेच वागतात. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि चालू असलेली लॉगिन मिनिटा-दोन मिनिटांत बाहेर जातात.

पहिलं काम: लॅनची केबल काढा आणि वायफाय बंद करा. डिजिटल सिग्नेचरचं टोकन लावलेलं असेल तर तेही उपसून काढा. तसंही ते सही झाल्यावर लगेच काढायला हवं, दिवसभर यूएसबीत ठेवायची वस्तू नाही ती. कॉम्प्युटर बंद करू नका, मेमरीतला पुरावा जातो. पण फाइलींची नावं डोळ्यांदेखत बदलत चालली असतील, म्हणजे खंडणीसाठी फाइली कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारा व्हायरस चालू असेल, तर सरळ पॉवर काढा. तिथे पुराव्यापेक्षा टॅलीचा डेटा मोलाचा. बॅकअपची हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह त्या कॉम्प्युटरला लावून बघायचा मोह आवरा, लावलीत तर तीही एन्क्रिप्ट होईल.

मग दुसऱ्या, साफ उपकरणावरून आधी मेलचा पासवर्ड बदला, नंतर बँकेचा, नंतर जीएसटी आणि आयकर पोर्टलचा. मेल आधी अशासाठी, की बाकी सगळ्यांचे पासवर्ड रीसेट मेलवरच येतात. पासवर्ड बदलून भागत नाही, "सिक्युरिटी" मध्ये "युवर डिव्हायसेस" उघडून सगळीकडून साइन आउट करा. चोरलेलं चालू लॉगिन ओटीपी न मागता आत शिरू शकतं.

पैसे गेले असतील तर बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला ताबडतोब फोन करा. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी गोठवता येतात, म्हणून इथे मिनिटांना किंमत आहे. तक्रार राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर नोंदवा आणि हद्दीप्रमाणे शहर किंवा ग्रामीण सायबर पोलिसांकडे जा. सोबत मूळ मेल द्यायचा तो फॉरवर्ड करून नाही. फॉरवर्ड केल्यावर हेडर, म्हणजे मेल कुठून कसा आला याची नोंद, जातं आणि तपासाला तेच लागतं. जीमेलमध्ये तीन टिंबांखाली "डाउनलोड मेसेज" आहे, ती फाइल द्या. कंपनी असेल तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशानुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणं बंधनकारक आहे. त्यांचा टोल फ्री क्रमांक १८००-११-४९४९.

कॉम्प्युटर साफ करायला डिफेंडरचं "ऑफलाइन स्कॅन" आहे. विंडोज सुरू होण्याआधीच ते चालतं, साधारण १५ मिनिटं घेतं. पण बँकिंग होत असलेला कॉम्प्युटर असेल, तर आमचं स्पष्ट मत: डेटा बाजूला काढून विंडोज नव्याने टाका. परत आणायच्या त्या फक्त डेटाच्या फाइली. प्रोग्राम मूळ ठिकाणाहून पुन्हा उतरवायचे, जुन्या डिस्कवरची सेटअप फाइल वापरायची नाही.

शेवटी जीमेलच्या सेटिंग्जमधले दोन टॅब उघडून बघा: "फिल्टर्स अँड ब्लॉक्ड ॲड्रेसेस" आणि "फॉरवर्डिंग अँड पॉप, आयमॅप". "इनव्हॉइस" किंवा "पेमेंट" शब्द असलेला मेल थेट ट्रॅशमध्ये टाकणारा किंवा अनोळखी पत्त्यावर प्रत पाठवणारा नियम कोणीतरी करून ठेवलेला सापडू शकतो. पासवर्ड बदलला तरी तो नियम चालूच राहतो. तो काढा, आणि ज्या गिऱ्हाइकांशी, व्हेंडरशी, फॉरवर्डरशी त्या खात्यातून व्यवहार चालतो त्या सगळ्यांना त्याच दिवशी फोन करून सांगा: आमच्या नावाने आलेली फाइल उघडू नका, आणि खातं बदलल्याचं काही आलं असेल तर पैसे थांबवा. हा निरोप मेलवरून पाठवू नका, कारण मेलबॉक्स अजून कोणाच्या हातात आहे ते त्या दिवशी खात्रीने सांगता येत नाही.